एडिंबराहून एका दिवसात व्हिस्की, किल्ला आणि समुद्र: स्पेसाइड जमेल का?

पाचजणांचा_गट

नमस्कार मंडळी. सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात एडिंबराला चार दिवस मुक्काम आहे. त्यातला एक दिवस, बहुधा गुरुवार, चालकासह खाजगी गाडी घेऊन डिस्टिलरी, किल्ला आणि समुद्रकिनारा पाहायचा आहे. आम्ही पाच जण: चौघे मोठे आणि १५ वर्षांची मुलगी. वडील ७१ वर्षांचे, गुडघे दुखतात. सपाटीवर किलोमीटरभर चालतात, जिने जड जातात. दोघे शाकाहारी.

एका टूरवाल्याने पाठवलेला आराखडा असा: सकाळी ७ ला निघायचे, स्पेसाइडमधल्या (उत्तरेकडचा व्हिस्कीचा प्रसिद्ध भाग) दोन डिस्टिलऱ्या, एक किल्ला, मग मोरेचा किनारा, रात्री ९ ला परत. हे खरोखर होते का? नसेल तर त्याऐवजी काय करावे? आणि गाडी ठरवताना काय काय विचारून घ्यावे?

फोर्थपलीकडे

होत नाही. गाडी धावेल, तुमचे पाहणे होणार नाही. हिशेब मांडून बघा. एडिंबरा ते डफटाउन दीडशे मैलांच्या आसपास, म्हणजे सव्वातीन तास. तिथून मोरे किनाऱ्यावरचे कलन पाऊण तास. कलनहून एडिंबराला परत जवळजवळ चार तास. चौदा तासांपैकी आठ तास गाडीत गेले. उरलेल्या सहांत दीड-दीड तासाच्या दोन टूर, किल्ल्याला तास, जेवणाला तास, किनाऱ्याला तास. श्वास घ्यायला एक मिनिट नाही. ए-९ रस्त्यावर डनब्लेनपासून इन्व्हरनेसपर्यंत सरासरी वेग मोजणारे कॅमेरे आहेत, त्यामुळे चालक 'वेळ भरून काढतो' म्हणाला तरी तो काढू शकत नाही. एक ट्रॅक्टर किंवा कॅराव्हॅन पुढे आली की दुसऱ्या डिस्टिलरीची टूर हुकली, आणि टूर हुकली की तिकीट बुडाले. स्पेसाइड पाहायचेच असेल तर एक रात्र तिकडे राहा.

त्याऐवजी फाइफ घ्या. एडिंबराच्या समोर, फोर्थच्या खाडीपलीकडचा हा भाग. दोन डिस्टिलऱ्या, एक खणखणीत इतिहासाचा किल्ला आणि मच्छीमारी गावांची अख्खी माळ, सगळे एकाच फेरीत येते. पूर्ण फेरा १२० मैलांच्या आत-बाहेर, गाडीत साडेतीन तास. बाकीचा दिवस पायांवर आणि खुर्चीत.

क्रम असा ठेवा. सव्वानऊला निघा. क्वीन्सफेरी क्रॉसिंगवरून (हा पूल २०१७ चा, टोल नाही) जाताना उजवीकडच्या खिडकीला बसलेल्यांना १८९० चा लाल रेल्वे पूल दिसतो. साधारण तासाभरात न्यूबर्ग गाव आणि तिथली लिंडोर्स ॲबी डिस्टिलरी. टूर अकराच्या सुमाराची घ्या आणि आधीचा अर्धा तास शेजारच्या मठाच्या अवशेषांत घालवा. स्कॉटलंडच्या राजकोषाच्या १४९४ च्या नोंदवहीत एक ओळ आहे: राजाच्या हुकमाने फ्रायर जॉन कॉर याला अॅक्वा व्हिटे (गाळलेले मद्य) बनवण्यासाठी आठ बोल (धान्याचे जुने माप) माल्ट दिले. स्कॉटलंडमध्ये मद्य गाळल्याची सापडलेली सर्वांत जुनी लेखी नोंद तीच, आणि हा जॉन कॉर लिंडोर्सचा मानला जातो. मठ बाराव्या शतकाच्या अखेरचा. डिस्टिलरी मात्र २०१७ ची, म्हणून यंत्रे नवी, मोकळी मांडलेली आणि नीट पाहता येतात.

सव्वाबाराला निघून पाऊण तासाच्या आत सेंट अँड्र्यूज. जेवण, मग किल्ला. तिथून साडेतीनपर्यंत किंग्सबार्न्स डिस्टिलरी, अंतर सात मैल. पाचला क्रेल, मग पिटनवीम, सेंट मोनन्स आणि साडेसहाला परतीचा रस्ता. त्या आठवड्यात सूर्यास्त सातच्या थोडा पुढे, म्हणजे शेवटचे गाव उजेडात मिळते. हाच दिवस डिसेंबरात काढला असता तर पावणेचारला अंधार पडला असता आणि किनारा सकाळी घ्यावा लागला असता.

डिस्टिलरीच्या टूरची वेळ ही भिंतीतली खुंटी समजा. ती आधी ठोकायची, बाकी सगळे तिला टांगायचे. लोक उलट करतात: आधी गाडी, मग किल्ला आणि आदल्या दिवशी डिस्टिलरीचे तिकीट. मग दुपारी एकची वेळ मिळते आणि दिवस मधोमध चिरतो.

आणि माझे ठाम मत: दोन्हीकडे पूर्ण टूर घेऊ नका. एकीकडे पूर्ण टूर, दुसरीकडे फक्त टेस्टिंग. भरडणे, आंबवणे, गाळणे हा क्रम दोन्हीकडे तोच. दुसऱ्यांदा ऐकताना मन उडते, आणि तो पाऊण तास क्रेलच्या धक्क्यावर जास्त सार्थकी लागतो.

तांब्याची_भट्टी

वरच्या प्रतिसादाशी सहमत. पूर्ण टूर लिंडोर्सची घ्यावी. तिथे काय बघायचे ते आधी माहीत असले तर टूर दुप्पट कळते.

बार्लीला मोड आणून, वाळवून जे होते ते माल्ट. आपण मोड आणून वाळवलेल्या नाचणीचे सत्त्व करतो त्याच जातीची क्रिया: मोड येताना दाण्यातली वितंचके (एन्झाइम) जागी होतात आणि पुढे स्टार्चची साखर करतात. हे माल्ट भरडताना पीठ होऊ द्यायचे नसते. साधारण २ भाग टरफल, ७ भाग रवा, १ भाग पीठ. टरफल गाळणीचे काम करते. पीठ जास्त झाले तर मॅश टनचा, म्हणजे भरडलेले माल्ट गरम पाण्यात भिजवण्याच्या हौदाचा, तळ चिकटून बसतो आणि पाणी उतरत नाही. मार्गदर्शक तीन कप्प्यांची छोटी चाळणपेटी दाखवतात, ती हातात घेऊन हलवून बघा.

मॅश टनमध्ये पहिले पाणी ६३-६४ अंशांचे. त्याहून बरेच गरम घातले तर वितंचके मरतात आणि साखर तयार होत नाही. पुढची पाणी चढत्या तापमानाची, उरलेली साखर धुऊन काढायला.

मग वॉशबॅक, म्हणजे आंबवण्याची मोठी पिंपे. लिंडोर्सला ती लाकडी आहेत. झाकण उघडून वास घ्यायला सांगतात तेव्हा चेहरा आत घालू नका. आत कार्बन डाय ऑक्साइड साचलेला असतो आणि नाकात सुई टोचल्यासारखा झटका बसतो. हाताने हवा स्वतःकडे ओढून घ्या. सुरुवातीच्या तासांतल्या पिंपाला पावासारखा वास, दोन-तीन दिवसांच्या पिंपाला सफरचंद-केळ्यासारखा. शेजारशेजारची दोन पिंपे हुंगून हा फरक स्वतः पकडता येतो.

आंबलेला वॉश साधारण ८ टक्के अल्कोहोलचा. तो तांब्याच्या पहिल्या भट्टीतून निघाला की २०-२५ टक्के होतो, त्याला लो वाइन्स म्हणतात. गोवा-सिंधुदुर्गातल्यांना हे लगेच समजेल: काजूच्या रसाची पहिली काढ म्हणजे हुर्राक, पुन्हा गाळली की फेणी. तेच नाते इथे. लिंडोर्सला पहिल्या गाळणीची एक आणि दुसऱ्या गाळणीच्या दोन भट्ट्या आहेत. वाफ जितका वेळ तांब्याला लागून राहते तितके गंधकाचे वास कमी होतात आणि स्पिरिट हलके उतरते.

सगळ्यात जास्त वेळ द्यावा तो स्पिरिट सेफला: काच आणि पितळेची कुलूपबंद पेटी. पूर्वी तिची किल्ली अबकारी अधिकाऱ्याकडे असे, कारण कर तिथूनच मोजला जाई. भट्टी चालवणारा आतल्या मद्याला हात न लावता बाहेरच्या दांड्याने धार या भांड्यातून त्या भांड्यात वळवतो. सुरुवातीची धार पाण्यात मिसळली की दुधाळ होते. ती परत भट्टीत. पाणी घातल्यावर स्वच्छ राहू लागली की ती मधली, ठेवायची धार. शेवटी जड, तेलकट वास येऊ लागला की पुन्हा वळवायची. व्हिस्कीची चव कशी होणार याचा मोठा भाग त्या दांड्यावर ठरतो.

पिंपात भरताना स्पिरिट साधारण ६३.५ टक्क्यांवर आणतात. कायद्याने किमान ३ वर्षे ओकच्या पिंपात, पिंप ७०० लिटरहून मोठे नको, बाटलीत किमान ४० टक्के. स्कॉटलंडच्या गारव्यात पिंपातून वर्षाला साधारण २ टक्के उडून जाते. गोव्याच्या उकाड्यात हे उडणे कितीतरी पट, म्हणून तिथली सिंगल माल्ट थोड्या वर्षांतच मुरते. पेल्यातले वय वाचताना हे लक्षात ठेवा: ५ वर्षे म्हटले की वाईट असे नसते, कुठली ५ वर्षे ते बघायचे. किंग्सबार्न्सचे पहिले स्पिरिटच २०१५ चे आहे, त्यामुळे तिथे १८ वर्षांची बाटली मागू नका. त्यांची हलकी, फळांच्या अंगाची व्हिस्की बोर्बनच्या आणि वाइनच्या पिंपांतून येते, ती शेजारी शेजारी चाखणे हाच तिथला धडा.

स्टिल हाउसमध्ये, म्हणजे भट्ट्यांच्या खोलीत, फोन आणि कॅमेरा बंद करायला सांगू शकतात. अल्कोहोलच्या वाफेत ठिणगी नको म्हणून. मुलीला टूर करता येते, पण १८ पूर्ण नसल्याने पेला मिळणार नाही. तिकीट काढताना तिचे वय लिहा. आणि जुलै-ऑगस्टच्या आसपास बऱ्याच डिस्टिलऱ्या देखभालीसाठी भट्ट्या थंड ठेवतात. सप्टेंबरात शक्यता कमी, तरी ईमेलमध्ये एक ओळ विचारा: त्या दिवशी भट्टी चालू आहे ना?

दगडधोंडे

किल्ल्याबद्दल. सेंट अँड्र्यूजचा किल्ला म्हणजे सजवलेल्या खोल्या नाहीत, कड्यावरचे भग्नावशेष आहेत. पण जमिनीखाली जे आहे ते युरोपात क्वचितच सापडते.

२९ मे १५४६ ला प्रॉटेस्टंट बंडखोरांनी कॅथलिक धर्मगुरू कार्डिनल बीटनला याच किल्ल्यात मारले आणि किल्ला बळकावला. राज्याच्या फौजेने वेढा घातला आणि भिंतीखाली सुरुंग लावायला बाहेरून खडकात बोगदा खणायला घेतला. आतल्यांनी आवाजाचा माग काढत उलटा बोगदा खणला. दोनदा दिशा चुकली, तिसऱ्यांदा नेमके शत्रूच्या बोगद्यात उतरले. शेवटी जुलै १५४७ मध्ये फ्रेंच आरमाराच्या तोफांनी किल्ला पडला. हे दोन्ही बोगदे आज आत शिरून पाहता येतात.

आतल्यांचा बोगदा अरुंद, वेडावाकडा, ठेंगणा. कंबरेत वाकून आणि एका ठिकाणी जवळजवळ बसून जावे लागते, पायाखाली ओल असते. भिंतीला हात लावला की टिकावाचे घाव बोटांना लागतात, घाईत मारलेले, एकाही रेषेत नसलेले. पुढे एकदम तुम्ही हल्लेखोरांच्या उंच, नीट खणलेल्या बोगद्यात उतरता आणि दोन्ही बाजूंच्या मनःस्थितीतला फरक खडकातच दिसतो. मुलीला हे नक्की दाखवा. वडिलांनी जाऊ नये. गुडघे वाकवून चालणे आणि ओला उतार दोन्ही त्यांच्यासाठी वाईट. पाऊस जास्त झाला तर बोगदा बंद ठेवतात, तेव्हा आत शिरताना तिकीट खिडकीवर विचारा.

वडिलांसाठी अंगण सपाट आहे आणि समुद्राकडच्या मनोऱ्यातली बाटलीच्या आकाराची अंधारकोठडी वरूनच बघायची असते. खडकात कोरलेला खड्डा: तोंड अरुंद, खाली पोट रुंद, आत टाकलेल्याला चढून येता येऊ नये म्हणून. किल्ला सप्टेंबरअखेरपर्यंत साडेपाचला बंद होतो, १ ऑक्टोबरपासून चारला. शेवटचा प्रवेश त्याआधी, त्यामुळे हा किल्ला किंग्सबार्न्सनंतर ठेवू नका.

बुटांना पकड हवी. चपला, चकचकीत तळाचे बूट नकोत.

पूर्वेचा_वारा

वडिलांचे गुडघे हा मुख्य मुद्दा असेल तर ईस्ट लोदियनचाही विचार करा. ग्लेनकिंची डिस्टिलरी (१८३७) एडिंबरापासून १५ मैलांवर, पुढे टँटॅलन किल्ला आणि नॉर्थ बेरिक. टँटॅलनची लाल दगडी भिंत कड्याच्या टोकावर उभी आहे आणि समोर समुद्रात बास रॉक. गॅनेट पक्ष्यांच्या वस्तीने तो खडक पांढरा दिसतो. सप्टेंबरात पक्षी असतात, ऑक्टोबर सरताना निघून जातात. गाडीत जेमतेम दोन-अडीच तास. ग्लेनकिंचीला १९२४ च्या वेम्ब्ली प्रदर्शनासाठी बनवलेली डिस्टिलरीची मोठी प्रतिकृती आहे, आख्खी प्रक्रिया एका नजरेत दिसते.

फोर्थपलीकडे

उत्तम पर्याय, पण तो अर्ध्या-पाऊण दिवसाचा आहे आणि डिस्टिलरी एकच. हवामानावरून ठरवायचे म्हटले तर उपयोग नाही: पूर्व किनाऱ्यावर समुद्रावरून येणारे गार धुके, तिथे त्याला 'हार' म्हणतात, दोन्हीकडे सारखेच घुसते. एडिंबरात ऊन असताना क्रेलच्या धक्क्यावर काही दिसत नाही असे होते. तसे झाले तर किनारा टाकून क्रेलऐवजी फॉकलंडचा राजवाडा घ्या, तो किनाऱ्यापासून आत आहे आणि तिथे १५३९ चे टेनिस कोर्ट आहे. फक्त त्याच्या बंद होण्याच्या वेळा आधी बघून ठेवा.

क्रेलबद्दल: बंदराकडे उतरणारी शोरगेट गल्ली दगडी आणि तीव्र उताराची आहे. चालकाला सांगून वडिलांना खाली धक्क्यापाशीच उतरवा आणि मोठी गाडी असेल तर ती वर थांबवा, खाली वळवायला जागा तुटपुंजी. वरून कासल वॉकची पायवाट बरीचशी सपाट आहे आणि समुद्रात मे बेट दिसते. पिटनवीम हे अजून कामाचे बंदर आहे, जाळ्यांचे ढीग आणि खेकड्यांच्या टोपल्या धक्क्यावर असतात. त्यांवर बसू नका, दोर ओलांडू नका. सेंट मोनन्सला समुद्रालगतचे जुने चर्च आहे, भरतीला लाटा भिंतीपाशी येतात. नागमोडी बांधावर भरतीच्या वेळी चढू नये, शेवाळ असते. भरतीची वेळ आदल्या रात्री बघून ठेवा.

पाचजणांचा_गट

मनापासून आभार. फाइफ पक्के. तीन शंका उरल्या: शाकाहारींचे जेवण, बाटल्या भारतात नेणे, आणि गाडीवाल्याला काय विचारायचे.

दगडधोंडे

जेवण सेंट अँड्र्यूजलाच उरका, तिथे पर्याय सर्वांत जास्त. शाकाहारी हॅगिस (मूळ पदार्थ मेंढीच्या मांसाचा, म्हणून 'शाकाहारी' सांगूनच मागा), सूप, चीज टोस्टी सहज मिळते. किनाऱ्यावरच्या फिश-अँड-चिप्सच्या दुकानांत मात्र नुसते चिप्स मागतानाही एक प्रश्न विचाराच: तळण कशात? स्कॉटलंडमध्ये बरीच दुकाने गाईच्या चरबीत तळतात. वनस्पती तेल असेल तरी तीच कढई माशांना वापरतात का, हेही विचारा. कलन स्किंक हे सूप दिसायला बटाट्या-दुधाचे असले तरी त्यात धुरावलेला हॅडॉक असतो. गोडाला जानेट्टाचे आइस्क्रीम, दुकान १९०८ पासूनचे.

आणि सकाळी पोटभर खाऊन निघा. साडेअकराच्या सुमारास तीन पेले म्हणजे रिकाम्या पोटी जड जाते. २५ मिलिलिटर, ४० टक्क्यांची व्हिस्की म्हणजे १० मिलिलिटर शुद्ध अल्कोहोल. तीन पेल्यांचे ३० झाले आणि दुपारी अजून टेस्टिंग आहे. संपवलेच पाहिजे असे काही नसते. बऱ्याच ठिकाणी उरलेले छोट्या बाटलीत भरून देतात, त्याला 'ड्रायव्हर्स ड्रॅम' म्हणतात. मागितले की मिळते.

तांब्याची_भट्टी

बाटल्या: भारतात येताना प्रौढ प्रवाशाला २ लिटर मद्य शुल्काशिवाय आणता येते. इथली बाटली ७०० मिलिलिटरची असते, म्हणजे दोन बाटल्या १.४ लिटर, तिसरी घेतली की २.१ होतात आणि मर्यादा ओलांडते. तिसरी हवी तर ५०० मिलिलिटरची घ्या. चौघांचे मिळून ८ लिटर होतात, पण बाटल्या ज्याच्या त्याच्या बॅगेत ठेवा. मुलीच्या नावावर धरू नका.

विमानात चेक-इन बॅगेत २४ ते ७० टक्क्यांचे मद्य माणशी ५ लिटरपर्यंत, सीलबंद मूळ बाटलीतच. पिंपातून थेट भरलेली कास्क स्ट्रेंग्थ बाटली ५८-६० टक्क्यांची असते, ती चालते. ड्रायव्हर्स ड्रॅमची भरून दिलेली बाटली सीलबंद नसते, ती एडिंबरातच संपवा. बुचाच्या बाटल्यांना झाकणाभोवती घट्ट टेप, मग जाड प्लास्टिकची पिशवी, मग कपड्यांच्या मधोमध. दाब बदलला की बूच ढिले होऊन पाझरते. पर्यटकांना दुकानातल्या खरेदीवर व्हॅट परत मिळण्याची सोय ब्रिटनमध्ये २०२१ पासून बंद आहे, त्यामुळे डिस्टिलरीतून तीच बाटली घ्या जी विमानतळावर मिळत नाही. आणि स्कॉटलंडमध्ये दुकानातून मद्यविक्री सकाळी १० ते रात्री १० एवढीच.

फोर्थपलीकडे

गाडीवाल्याला हे लेखी विचारा: प्रवासी भाड्याने नेण्याचा परवाना आणि त्याच कामाचा विमा आहे का, भाव गाडीचा आहे की डोईचा, तिकिटे, टेस्टिंग, पार्किंग त्यात धरले आहे का, ठरलेल्या तासांपुढे प्रत्येक तासाला किती, आणि चालक हाच मार्गदर्शक आहे की नुसता चालक. पाच जणांना सात आसनी गाडी घ्या. पाच आसनी गाडीत चालक धरून सहा जण बसत नाहीत, आणि लोक हे बुकिंग करताना विसरतात. वडिलांना पुढची सीट द्या, चढ-उतार सोपा पडतो.

कुणी 'मीच चालवतो, एकच पेला घेतो' म्हणाले तर थांबवा. स्कॉटलंडमध्ये डिसेंबर २०१४ पासून मर्यादा १०० मिलिलिटर रक्तात ५० मिलिग्रॅम आहे. इंग्लंडमध्ये ८० आहे, तो आकडा इथे धरू नका. दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी भाड्याने घेणार असाल तरी हाच हिशेब लागतो.

तिकिटांचा क्रम: आज लिंडोर्सला ईमेल, त्यांची वेळ आली की त्यावरून किंग्सबार्न्सचे टेस्टिंग, मग किल्ल्याचे ऑनलाइन तिकीट, आणि सगळ्यात शेवटी गाडी.